खाँसाहेब अहमदजान थिरकवा

लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, की ऑफिस, अमेरिका आणि एआय सोडून काहीही लिही. आपल्या बॅचमध्ये सॉफ्टवेअरवाले इतके आहेत की अट रास्तच होती. म्हणून तबल्याबद्दल लिहिते. प्रार्थनेच्या वेळी पेटीशेजारी तबल्यावर बसणारी मुलगी म्हणून बाईंना आणि काही जणांना मी आठवत असेन. माझा तबला गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका परीक्षेच्या पुढे फारसा गेला नाही, पण त्या परीक्षेमुळे एक नाव डोक्यात बसलं ते बसलंच. लेखी पेपरात तबलावादकांची चरित्रं विचारायचे आणि अहमदजान थिरकवा हे हमखास येणारं चरित्र होतं. गाव मुरादाबाद, गुरू मुनीरखाँ, गंधर्व नाटक मंडळीत नोकरी, मग रामपूर दरबार, मग लखनौचं संगीत महाविद्यालय, पद्मभूषण. दहा-बारा ओळी पाठ केल्या की मार्क पक्के.

त्या ओळींतली एक गोष्ट मात्र तेव्हाही विचित्र वाटायची. उत्तर हिंदुस्थानातला हा उस्ताद, ज्याला नंतर लोक तबल्याचं एव्हरेस्ट म्हणू लागले, तो मराठी नाटक कंपनीत इतकी वर्षं करत काय होता? पुस्तकात त्यावर एक वाक्य होतं आणि लगेच पुढचा मुद्दा. पुढे नोकरीला लागल्यावर, रात्री उशिरा काम करताना कानाला हेडफोन लावून मी त्यांचं वादन ऐकायला लागले, मिळेल ते वाचायला लागले. आता माझं मत असं झालं आहे की ते एक वाक्य हाच त्यांच्या आयुष्याचा गाभा आहे.

मुरादाबाद हे उत्तर प्रदेशातलं पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. तिथे एका संगीतकार घराण्यात अहमदजान जन्मले. जन्मसाल साधारणपणे १८९२ धरतात. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवायचे आणि नात्यात तबलजी होते, म्हणजे लय घरातच होती. लहानपणी थोडं गाणं, थोडी सारंगी असं चालू होतं. मुनीरखाँचा तबला कानावर पडला आणि बाकीचं मागे पडलं. बारा वर्षांच्या आसपास ते मुनीरखाँचे शागीर्द झाले. मुनीरखाँ मुंबईत राहायचे, त्यामुळे हा मुलगाही मुंबईत आला. मराठी मुलखाशी त्यांचं नातं असं अगदी कोवळ्या वयात जुळलं.

‘थिरकवा’ हे त्यांचं आडनाव नव्हे. मुनीरखाँचे वडील काळेखाँ यांनी या पोराची बोटं तबल्यावर नाचताना पाहिली आणि थिरकणारा म्हणून कौतुकाने हे नाव ठेवलं, असं सांगतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने लाडाने ठेवलेलं नाव पुढे पोस्टरवर गेलं आणि मूळ नावापेक्षा मोठं झालं. आपल्या वर्गातही अशी दोन-तीन उदाहरणं आहेत. नावं लिहीत नाही, ती मंडळी आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत.

मुनीरखाँकडची तालीम वर्षानुवर्षं चालली. स्वतः मुनीरखाँनी अनेक उस्तादांकडून विद्या मिळवली होती, त्यामुळे त्यांच्याकडे एका घराण्याचा नव्हे, अनेक घराण्यांचा साठा होता. ज्यांना तबल्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तबल्याची घराणी म्हणजे फक्त वंशावळ नव्हे, हात ठेवण्याच्या पद्धती आहेत. दिल्लीचा बाज मुख्यतः दोन बोटांचा, तर्जनी आणि मधलं बोट. नाद काढायचा तो चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेला. त्यामुळे आवाज नेमका, बंद, नाजूक. पूरबेकडे, लखनौ आणि फरुखाबादला, तोच हात मोकळा होतो. पंजा उघडतो, शाईच्या भोवतालच्या मैदानावर खुले बोल वाजतात, आवाजाला घुमारा येतो. मेरठजवळच्या अजराडा गावातल्या लोकांनी डग्ग्याला बोलतं केलं आणि लयीला आडवं चालवलं. एका माणसाने हे सगळं वाजवायचं तर गोंधळ व्हायची भीती असते, कारण हाताच्या सवयी एकमेकींच्या विरुद्ध जातात. थिरकवाखाँच्या हातात तो गोंधळ झाला नाही. दिल्लीचा कायदा वाजवताना ते दिल्लीचे असत आणि फरुखाबादची गत आली की पंजा आपोआप उघडे. रोज कित्येक तासांचा रियाज, तोही वर्षानुवर्षं, याला दुसरं स्पष्टीकरण नाही.

आता नाटक कंपनीकडे येते.

त्या काळी तबलजीची समाजात किंमत काय होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. मैफल गवयाची. तबला आणि सारंगी वाजवणारे मागे बसणार, बिदागी कमी, नाव बहुतेक वेळा कुणी घेणारच नाही. यातले पुष्कळ साथीदार कोठ्यांवर गाणाऱ्या बायकांची साथ करून पोट भरत, त्यामुळे सभ्य घरांतून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जाई. गुण असून मान नाही, अशी एकंदर परिस्थिती.

बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारख्या ख्यालगायकाने ‘स्वयंवर’साठी चाली दिल्या आणि मराठी नाटकात खरं रागसंगीत खेळायला लागलं. बालगंधर्वांचा खर्चिकपणा प्रसिद्ध आहे. भरजरी शालू, अत्तरं, गालिचे, आणि त्यापायी झालेलं कर्ज. पण हाच माणूस साथीदारांच्या बाबतीतही हात आखडता घेत नव्हता. ऑर्गनवर कांबळे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा, असा संच त्यांनी जमवला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत नाटकवेड्यांना ही तीन नावं नटांच्या नावांइतकीच पाठ होती. साथीदाराचं नाव प्रेक्षकाच्या तोंडी असणं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

तिथे थिरकवाखाँ काय वाजवत? बहुतांशी ठेका. ठेका म्हणजे तालाचं साधं रूप, तीनतालाच्या सोळा मात्रा ठरलेल्या बोलांत पुन्हा पुन्हा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात तो. मी एकदा आमच्या क्लासमधल्या सरांना विचारलं होतं, की मोठे लोक इतकं सोपं का वाजवतात. सरांनी मला दहा मिनिटं नुसता तीनतालाचा ठेका धरायला लावला. पहिल्या दोन मिनिटांत लय पुढे पळाली, पाचव्या मिनिटाला डग्गा तबल्यापेक्षा मोठा वाजायला लागला, आठव्या मिनिटाला हात दुखला. उत्तर मिळालं.

बालगंधर्व पद म्हणत तेव्हा मुखडा पुन्हा पुन्हा येई, मधली जागा मात्र दर वेळी वेगळी. नाजूक आवाजात ते एखादी तान उचलत, शब्द लांबवत, लयीशी खेळत आणि समेवर अगदी केसाच्या अंतराने, पण चुकता, येत. मग वन्समोअर. पुन्हा तेच पद, आणि पुन्हा वेगळं. नाटक रात्रभर चाले. अशा गायकाच्या खाली ठेका धरणाऱ्याने लय सुतासारखी सरळ ठेवली तरच गायकाला तिच्याशी खेळता येतं. जमीन हलत असेल तर नाचणार कुठे? त्यात भर म्हणजे ठेक्यातला प्रत्येक बोल गोड वाजला पाहिजे, स्वरात लागला पाहिजे, आणि समेच्या आधीची दोन-चार मात्रांची जागा मिळाली तर एखादा मुखडा असा टाकायचा की गायकाला हुरूप येईल आणि त्याच्या गाण्यात ढवळाढवळ होणार नाही. थिरकवाखाँच्या नुसत्या ठेक्याला दाद जायची, ती या कारणाने.

यावर जाणकारांचा एक जुना आक्षेप आहे. तासन्‌तास एकल वादन करू शकणारा, शेकडो बंदिशी मुखोद्गत असलेला उस्ताद नाटकाच्या पदांना ठेका धरत बसला, म्हणजे ती वर्षं वाया गेली. मला हे पटत नाही. एक तर, मैफलीत तेव्हा पन्नास-शंभर माणसं असत आणि तीही बहुधा संस्थानिकांच्या किंवा शेठजींच्या निमंत्रणावरून. नाटकाच्या थिएटरात तिकीट काढून कारकून, मास्तर, वकील, दुकानदार असे शेकडो लोक बसत, आणि कंपनी गावोगाव फिरे. चांगला तबला कसा वाजतो हे आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या कानाला कळलं ते बऱ्याच अंशी तिथे. दुसरं, त्यांच्या एकल वादनाची रेकॉर्डिंग ऐकताना मला सतत जाणवतं की हा माणूस गाण्याच्या शेजारी वाढला आहे. बोलांना श्वास आहे. दोन वाक्यांमध्ये जागा आहे. नुसत्या रियाजाच्या खोलीत बसून ती जागा सापडत नाही.

माझ्या कामाशी तुलना करायचा मोह आवरत नाही, संपादकांनी माफ करावं. मी ज्या विभागात काम करते तिथे आमचं काम नीट चाललं तर कुणाला आम्ही आहोत हेच कळत नाही. सर्व्हर बंद पडला की मात्र सगळ्यांना आमची नावं आठवतात. पगारवाढीच्या वेळी स्क्रीनवर दिसणारं काम करणाऱ्यांचं कौतुक होतं. या वर्गातल्या बऱ्याच जणी, घरात किंवा बाहेर, असंच ठेक्याचं काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. म्हणून बालगंधर्वांनी त्या संचाला दिलेला मान मला फार मोलाचा वाटतो.

बोलपट आले आणि संगीत नाटकाचे दिवस फिरले. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट लोकांनी डोक्यावर घेतला, नाटकाची थिएटरं ओस पडू लागली. कर्जाखाली दबलेल्या बालगंधर्वांनी कंपनी थांबवली आणि ते प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये काम करायला गेले. त्यांनी नंतर कंपनी पुन्हा उभी केली, पण तो पहिला संच गेला तो गेलाच. थिरकवाखाँ १९३६ च्या सुमारास रामपूरच्या दरबारात रुजू झाले. मुरादाबादपासून रामपूर जेमतेम तीस किलोमीटर. बारा वर्षांचा असताना निघालेला मुलगा चाळिशी ओलांडल्यावर घराजवळ परतला.

रामपूरचे नवाब रझा अली खाँ स्वतः संगीताचे जाणकार होते. गवई मुश्ताक हुसेनखाँ, कथ्थकचे अच्छन महाराज असे कलावंत त्या दरबारात होते. तिथे श्रोते मोजके पण कान तयार असलेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि देशभरातल्या दरबारी कलावंतांप्रमाणे त्यांचाही आश्रय संपला. नाटक कंपनी गेली, दरबारही गेला. एका आयुष्यात दोनदा पायाखालची व्यवस्था नाहीशी होणं काय असतं, हे आपल्यापैकी ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या त्यांना विचारा. खाँसाहेब तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते.

यानंतर त्यांना तिसरा आसरा मिळाला तो लखनौला, आणि तिथेही मराठी माणसाचाच हात होता. वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौला संगीताचं कॉलेज काढलं होतं, ते पुढे त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्याची धुरा श्रीकृष्ण रातंजनकर यांनी बरीच वर्षं सांभाळली. त्या कॉलेजात थिरकवाखाँ तबला शिकवू लागले, विभागप्रमुख झाले. गुरूच्या घरी राहून, त्याच्या मर्जीने एकेक बोल मिळवून शिकलेला माणूस आता तासाच्या घंटेला वर्गात जाणार, ही कल्पनाच मला गंमतीची वाटते.

याच काळात, सभा-संमेलनांत आणि आकाशवाणीवर, त्यांचा एकल तबला देशाने ऐकला. एकल वादनाची रचना मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. सारंगी किंवा पेटीवर लेहरा चालू असतो, एकच छोटी धून, फिरून फिरून, घड्याळासारखी. तबलजी पेशकाराने सुरुवात करतो. संथ, जणू पाहुण्यांची ओळख करून देतो आहे. मग कायदा. कायद्याचा नियम असा की मूळ बंदिशीत जे बोल आहेत त्यांतूनच सगळा विस्तार करायचा, बाहेरचा बोल आणायचा नाही. मर्यादित शब्द आणि अमर्याद वाक्यं. मग रेला, पाण्याच्या धारेसारखा. मग गती, तुकडे, चक्रदार. तिहाईचं गणित तर शाळेतल्या गणिताच्या सरांना आवडेल असं आहे. पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवायचा, मध्ये एकेक मात्रा रिकामी सोडायची. पाच, एक, पाच, एक, पाच, एकूण सतरा. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे समेपासून सुरू केलं तर सतरावी मात्रा ही पुढची सम. शेवटचा धा बरोबर तिच्यावर. हे कागदावर सोपं आहे. थिरकवाखाँच्या हातून ऐकताना मात्र गणित आठवतच नाही, एखाद्याने बोलता बोलता वाक्य पूर्ण केलं एवढंच वाटतं.

त्यांच्या म्हातारपणातलं एक कृष्णधवल चित्रीकरण पाहायला मिळतं. टोपी, शेरवानी, ताठ बसलेला देह. चेहऱ्यावर जवळजवळ काही हालत नाही, खांदे हालत नाहीत. जे काय चाललं आहे ते मनगटाच्या पुढे. आजच्या पद्धतीने पाहायला गेलं तर त्यात बघण्यासारखं काहीच नाही, डोळे मिटून ऐकावं लागतं.

ते लखनौला असतानाच बाहेर तबल्याचं जग बदलत होतं. सतार आणि तबला ही जोडी हिंदुस्थानी संगीताची ओळख म्हणून जगभर निघाली होती. रविशंकरांच्या शेजारी अल्लारखाँ बसले, सतारियाने तबल्यासाठी जागा सोडायची आणि तबलजीने तेवढ्यात आपली करामत दाखवायची, ही सवाल-जवाबाची रीत लोकांना भयंकर आवडली. तबलजी मागून पुढे आला, सतारीच्या बरोबरीने बसला. याचं श्रेय अल्लारखाँ, किशन महाराज, सामताप्रसाद यांना आहेच. माझ्या मते त्यांच्या आधी थिरकवाखाँनी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली होती, की कुणाचीही साथ न करता, नुसत्या तबल्यावर, श्रोत्यांना तासभर बांधून ठेवता येतं. ज्याने अर्धं आयुष्य दुसऱ्याला ठेका दिला त्यानेच हे दाखवून द्यावं, यात मला काही विसंगती वाटत नाही. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

महाराष्ट्राशी संबंध तुटला नव्हताच. त्यांच्या शागिर्दांत पुण्याचे लालजी गोखले होते, ठाण्याचे भाई गायतोंडे होते. ‘गुणीदास’ जगन्नाथबुवा पुरोहितांसारख्या गवयाने त्यांच्याकडून तबल्याची विद्या घेतली. मुंबईत निखिल घोष यांनी १९५६ मध्ये संगीत महाभारती ही संस्था काढली. ते स्वतः आधी मुनीरखाँचे भाचे अमीर हुसेनखाँ यांचे शिष्य, आणि थिरकवाखाँचेही. म्हातारपणी खाँसाहेबांना त्यांनी मुंबईला बोलावलं, शिकवायला आणि राहायला. ज्या शहरात लहानपणी शागीर्द म्हणून आले तिथे ते उस्ताद म्हणून परतले. आमच्या क्लासच्या सरांचे सर या परंपरेतले होते, असं सर सांगत. त्यामुळे त्या दहा मिनिटांच्या ठेक्याला तरी मी लांबून हक्क सांगू शकते.

जीव मात्र लखनौत गुंतलेला होता. तिथेच मरण यावं, असं त्यांच्या मनात असल्याचं त्यांच्या जवळचे लोक सांगत. १९७६ च्या जानेवारीत मोहरमसाठी ते लखनौला गेले. मोहरम झाला, मुंबईला परतायची तयारी झाली, १३ जानेवारीला ते स्टेशनवर जायला निघाले. गाडीपर्यंत ते पोचले नाहीत.